४० अंशांवर साइड फोर्स शून्य येतोय, टर्ब्युलन्स मॉडेल बदलू का?

निपाणीहून विचारलंयस की टोकदार नाकाच्या लांबट दंडगोलाभोवतीचा वारा, दंडगोल वाऱ्याशी ४० अंशांच्या कोनात धरून, संगणकावर काढला; त्यासाठी अर्धी मेश (गणितासाठीची जाळी, एकाच बाजूची) घेऊन एसएसटी हे टर्ब्युलन्स मॉडेल (खळबळत्या प्रवाहाचं अंदाजी गणित) चालवलं. नॉर्मल फोर्स (अक्षाला काटकोनात वर उचलणारं बल) बऱ्यापैकी जुळला, पण साइड फोर्स (बाजूला ढकलणारं बल) शून्य, आणि विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यातल्या प्रयोगात, तो भरपूर मिळालाय. मग आता कुठलं मॉडेल लावू?

मॉडेलला आत्ताच हात लावू नकोस. अर्धी मेश घेतलीस, म्हणजे दुसरी बाजू आरशातल्यासारखी तशीच धरलीस; तिथंच साइड फोर्सचा रस्ता बंद झाला.

कोन वाढला की वाऱ्याआडच्या बाजूला दोन भोवरे तयार होतात. आधी ते जोडीनं सारखे असतात. कोन साधारण नाकाच्या टोकाच्या पूर्ण कोनापलीकडे गेला की एक अंगाजवळ राहतो, दुसरा उचलला जातो. वारा समोरून सरळ असला तरी बाजूला ढकलणारं बल येतं ते यामुळे. कारण असतं टोकावरचा बारीकसा खडबडीतपणा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातल्या चांगल्या लेथवर काढलेलं टोकही गणितातल्या टोकासारखं नसतं. म्हणून तर टनेलमध्ये नाक अक्षाभोवती फिरवलं की या बलाची दिशासुद्धा पलटते.

पूर्ण मेश करूनही माझा एक अख्खा पावसाळा शून्यातच गेला, कारण डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी होती. टोकाजवळ एका बाजूला अगदी लहान उंचवटा दे. तो किती आणि कुठे, हे रिपोर्टमध्ये लिहायचंच, कारण उत्तर त्यावर बदलतं.

मॉडेलचा प्रश्न यानंतर. १९७८च्या बाल्डविन-लोमॅक्स या जुन्या टर्ब्युलन्स मॉडेलमध्ये दंडगोलाच्या भिंतीपासून वर जाताना एका फंक्शनचं शिखर शोधतात. वाऱ्याआड शिखरं दोन सापडतात, एक बाउंडरी लेयरचं (भिंतीला चिकटलेल्या हवेच्या पातळ थराचं), एक भोवऱ्याचं. भोवऱ्याचं धरलं की एडी व्हिस्कॉसिटी (खळबळीमुळे मॉडेलनं धरलेला जादा चिकटपणा) अवाच्या सवा वाढते आणि भोवरे मरगळतात. देगानी आणि शिफ या संशोधकांनी भिंतीजवळचं पहिलंच शिखर धरायला सांगितलं. मला ती दुरुस्ती आजही फार सुंदर वाटते. एसएसटीत शिखर शोधणं नाही, पण भोवऱ्याच्या गाभ्यात जादा व्हिस्कॉसिटी तिथेही साचते. कर्व्हेचर करेक्शन (वळणाऱ्या प्रवाहासाठीची दुरुस्ती) चालू कर. डीडीईएस (भिंतीपासून दूरचे मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत) याहून चांगलं, पण त्याला बारीक मेश आणि भरपूर वेळ लागतो.

प्रयोगाचा रेनॉल्ड्स अंकही (वेग आणि आकार यांचा हवेच्या चिकटपणाशी मेळ सांगणारा आकडा) बघ. तिथं बाउंडरी लेयर लॅमिनार (शांत, खळबळ नसलेला) असेल तर प्रवाह भिंतीपासून लवकर सुटतो, आणि तुझं पूर्ण टर्ब्युलंट गणित त्याला उशिरा सोडतं.

आधी १५-२० अंशांवर चालव, दाबाचे आकडे जुळव, मग ४०. रविवारी बेळगावात येणार असलास तर मेशची फाइल घेऊन ये, टिळकवाडीत बसून बघू.