पडलेल्या विमानाचा पत्रा घरी आणला, आता काय करू?

प्रश्न: मी मँचेस्टरला शिकतो. हेफिल्डजवळच्या मिल हिलवर दुसऱ्या महायुद्धात कोसळलेलं लिबरेटर विमान पाहायला गेलो होतो. तिथून रिव्हेट असलेला तळहाताएवढा पत्रा घेऊन आलो. विमान अमेरिकेचं होतं, त्यात कुणी दगावलंही नव्हतं आणि तिथे मनाई करणारी पाटी दिसली नाही. ऑनलाइन एक गिऱ्हाईक मिळालं आहे. मित्र म्हणतो, हा गुन्हा आहे. खरं का?

उत्तर: मित्राचं म्हणणं बरोबर आहे. गिऱ्हाइकाला आजच नकार कळवा.

ब्रिटनमध्ये 1986 चा ‘प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स अ‍ॅक्ट’ आहे. लष्करी सेवेत असताना कोसळलेल्या विमानाचे अवशेष या कायद्याने आपोआप संरक्षित होतात. त्यासाठी वेगळी घोषणा लागत नाही, पाटीही लागत नाही. विमान कोणत्या देशाचं, हा प्रश्न ब्रिटनच्या भूमीवर गैरलागू आहे. परवान्याशिवाय अवशेष हलवणं, उकरणं, उचलून नेणं हा गुन्हा ठरतो. जाऊन पाहायला, फोटो काढायला हरकत नाही.

11 ऑक्टोबर 1944 च्या त्या अपघातात विमानातले दोघेही वाचले, हे खरं. पण कायदा मृतांची संख्या विचारत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. त्याच डोंगराळ माळरानावर ब्लीकलो डोंगराच्या अंगाला जेम्सेस थॉर्न नावाची जागा आहे. युरोपातलं युद्ध संपून दहा दिवस झाले होते, तेव्हा, 18 मे 1945 ला, तिथे एक लँकेस्टर बॉम्बफेकी विमान आदळलं आणि आतले सहाही जण गेले. कुठला पत्रा कुणाच्या मृत्यूचा साक्षीदार आहे, हे वाटसरूने ठरवायचं नसतं.

तुमची अडचण अशी की, हे लष्करी विमानाचे अवशेष आहेत असं माहीत असणं किंवा तशी शंका यायला सबळ कारण असणं, हा या गुन्ह्याचा गाभा आहे. वाटेत अचानक पत्रा सापडला असता तर बचावाला जागा होती. तुम्ही तर विमान पाहायलाच गेला होतात. शिक्षा दंडाची आहे, तुरुंगवासाची नाही. तरीही दोषी ठरलात तर पुढच्या व्हिसाच्या अर्जात ते लिहावं लागेल, आणि तुमच्यासाठी खरी चिंता तीच.

पत्रा घासूनपुसून चकचकीत करू नका, टाकून देऊ नका, भारतात तर आणूच नका. कुठून आणि कधी उचलला ते लिहून ठेवा. मनाने परत नेऊनही ठेवू नका. परवाने संरक्षण मंत्रालय देतं, त्यामुळे वस्तू कशी परत करायची हे त्यांनाच पत्र लिहून विचारायला हवं. मात्र तुमचं पत्र म्हणजे लेखी कबुली, म्हणून ते आधी तिथल्या सॉलिसिटरला, म्हणजे वकिलाला, दाखवा. विद्यापीठाच्या विद्यार्थी सल्ला केंद्रात चौकशी करा, ते योग्य माणसाकडे पाठवतील.

पत्र्याबरोबर एखादं घड्याळासारखं उपकरणही आणलं असेल तर ते उघडू नका. त्या काळच्या तबकड्यांना रेडियमचा रंग असे आणि तो आजही किरणोत्सारी आहे. सॉलिसिटरला तेही सांगा.