वाचकांचे प्रश्न: ‘चालू’ कशाला म्हणायचं?

प्रश्न (निपाणी): भंगारातून किलोच्या भावानं घेतलेला बीबीसी मायक्रो (1980 च्या दशकातला ब्रिटिश संगणक) ‘चालू’ म्हणून पुण्याच्या संग्राहकाला विकला. इथं बीप वाजला होता. तिथं वीस मिनिटांत धूर निघाला. तो पैसे परत मागतोय. द्यावेत का?

उत्तर: द्यावेत. यंत्राच्या येण्याजाण्याचं भाडंही तुमचंच, कारण ‘चालू’ हा शब्द तुमचा.

धूर बहुतेक पॉवर सप्लायमधल्या पिवळसर पारदर्शक फिल्टर कपॅसिटरचा (विजेतला गोंगाट गाळणारा छोटा भाग). आत कागद असतो. वरच्या इपॉक्सीला बारीक तडे जातात, दमट हवा आत मुरते आणि 230 व्होल्ट लागले की तो फुटतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या यंत्राचं हे ठरलेलंच. गंमत अशी, की धूर निघाल्यावरही यंत्र बऱ्याचदा चालत राहतं, म्हणून विकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

असे दोन असतात, 0.1 आणि 0.01 मायक्रोफॅरडचे. दोन्ही बदला, एक्स-2 वर्गाचेच (थेट घरच्या विजेवर लावायला बनवलेले) आणि 275 व्होल्ट एसीचे. साधा सिरॅमिक इथं चालत नाही. प्लग काढला तरी सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. हात घालण्याआधी मीटर लावून शून्य झाल्याची खात्री करा.

आता तपासणी. सुरू करताच आधी खालचा सूर, मग आखूड वरचा सूर यायला हवा. एकच सूर लांबत राहिला तर बिघाड आहे. मदरबोर्डवर 4.75 ते 5.25 व्होल्ट बघा. MODE 0 (पडद्याची एक मांडणी निवडणारी आज्ञा) टाइप करा: त्याला 20 किलोबाइट मेमरी लागते, खराब चिप असेल तर पडद्यावर पट्टे किंवा ठिपके उमटतात. प्रत्येक कळ दाबा. तासभर चालू ठेवा. मग जाहिरातीत काय तपासलं तेवढंच लिहा. फ्लॉपी लावून पाहिली नसेल तर ‘फ्लॉपी तपासली नाही’ असं स्पष्ट लिहा. बीबीसी मायक्रोच्या मूळ ‘मॉडेल बी’मध्ये फ्लॉपी चालवणारी चिप (कंट्रोलर) नसायचीच.

प्रश्न (खानापूर): माझ्याकडच्या बीबीसी मायक्रोच्या झाकणावर शाळेचा डेड स्टॉक नंबर (सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक) रंगवलाय. खरवडून विकू का?

उत्तर: नको. केंद्र सरकारच्या 1984 च्या योजनेत बीबीसी मायक्रो शाळांना मिळाले होते, तेव्हा नंबर खरा असू शकतो. आधी शाळेत विचारा: रजिस्टरात निर्लेखन (वस्तू नोंदीतून रीतसर काढणं) झालंय का, व्यवस्थापनाचा ठराव आहे का. असेल तर त्याची झेरॉक्स घ्या, नंबर तसाच ठेवा. संग्राहकाला तो नंबर हवाच असतो.