सोव्हिएत क्षेपणास्त्रे खेळाच्या पटावर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य युरोपात पेटलेल्या एका काल्पनिक युद्धावर आधारलेला भूमिकाखेळ आम्ही काही मित्र फाशांच्या आधाराने खेळतो आणि सूत्रधाराचे काम माझ्याकडे असते. विमानांतून सुटणाऱ्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे नियम अपुरे वाटल्याने मी स्वतःच नाव, पल्ला, अचूकता आणि हानी अशा चार रकान्यांचा तक्ता तयार केला. प्रत्यक्षात मात्र विमान येते, मी एकदा फासा टाकतो, कोणाचे तरी वाहन जळून जाते आणि खेळाडू माझ्याकडे रागाने पाहत बसतात. माझे काय चुकले असावे?

उत्तर : आपल्या तक्त्यात एक रकाना राहून गेला आहे आणि खेळाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे : क्षेपणास्त्र सुटल्यानंतर त्याला वाट कोण दाखवतो, आणि किती वेळ. सोव्हिएत वायुदलाच्या या आयुधांची सारी वाटचालच या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसते. १९६८ मध्ये सेवेत आलेले ख-६६ हे क्षेपणास्त्र मिग-२१च्या रडारच्या किरणाला धरून जात असे, त्यामुळे ते लक्ष्यावर आदळेपर्यंत वैमानिकाला विमानाचे नाक लक्ष्यावरच रोखून ठेवावे लागे. त्यानंतरच्या ख-२३ला रेडिओवरून आज्ञा मिळत. वैमानिक क्षेपणास्त्राच्या शेपटाकडील ज्योतीवर डोळा ठेवून एका छोट्या दांडीने त्याला वळवत असे आणि त्याच वेळी स्वतःचे विमानही चालवत असे. ख-२५एमएल लेसरच्या परावर्तित ठिपक्याकडे झेपावते, म्हणजे आता हाताने वळवायचे काम संपले, पण ठिपका शेवटपर्यंत लक्ष्यावर ठेवण्याची जबाबदारी उरलीच. ख-२९टी हे टेलिव्हिजन-शोधक असलेले क्षेपणास्त्र सुटण्यापूर्वीच लक्ष्याचे चित्र पकडते, आणि तेथे कुठे वैमानिकाची सुटका होते.

आता थोडे गणित करू. ख-२५एमएलचा सरासरी वेग सेकंदाला ६०० मीटर धरला आणि ते सहा किलोमीटरवरून सोडले, तर आदळण्यास दहा सेकंद लागतात. या दहा सेकंदांत ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे सुखोई-२५ अडीच किलोमीटर पुढे सरकते, कारण त्याच्या नाकातील ‘क्लेन’ लेसर समोरच पाहतो आणि वैमानिकाला लक्ष्याच्या दिशेनेच उडत राहावे लागते. स्फोट होतो तेव्हा विमान लक्ष्यापासून साडेतीन किलोमीटरवर, म्हणजे खांद्यावरून डागायच्या स्टिंगरच्या आवाक्यात आलेले असते. आपल्या खेळाची फेरी पाच सेकंदांची असेल, तर या साऱ्याला दोन फेऱ्या मिळतात आणि त्या दोन फेऱ्यांतच नाट्य आहे. आपण ते एका फाशात गुंडाळून टाकले, म्हणून खेळाडूंच्या हाती काहीच उरले नाही.

माझी सूचना अशी आहे. क्षेपणास्त्र सुटल्याची फेरी जाहीर करावी आणि आदळेपर्यंतच्या प्रत्येक फेरीत वाट दाखवणाऱ्याच्या कौशल्यावर फासा टाकावा. एकदा दान चुकले तर ठिपका लक्ष्यावरून ढळतो आणि क्षेपणास्त्र जवळपास कोठेतरी पडते. लागोपाठ दोनदा चुकले तर ते पूर्णपणे वाया जाते. याच फेऱ्यांत प्रत्येक खेळाडूला एक कृती मिळावी : कोणी धुराचे गोळे फेकील, कोणी वाहन भिंतीआड घेईल, कोणी विमानावर गोळीबार करील. वैमानिकाच्या दानात या प्रत्येक कृतीमुळे वजावट करावी आणि धुराची वजावट सर्वांत मोठी ठेवावी, कारण या लेसरची तरंगलांबी दृश्य प्रकाशाच्या फार जवळ असल्याने डोळ्यांना जे दिसत नाही ते बहुतेक वेळा त्यालाही दिसत नाही. याच कारणाने हल्ल्याचा फासा टाकण्यापूर्वी हवामानाचा फासा टाकावा. मध्य युरोपातील हिवाळ्यात ढग महिनोन्महिने जमिनीलगत रेंगाळतात, आणि ढगांचा तळ तीनशे मीटरवर असेल तर सहा किलोमीटरवरून लक्ष्य दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

दोन अपवाद तक्त्यात स्वतंत्रपणे नोंदवावेत. मिग-२७केवर बसवलेली ‘काइरा’ ही यंत्रणा किरण खाली आणि मागेही वळवू शकते, त्यामुळे ते विमान वळण घेऊन दूर जात असतानाही ठिपका धरून ठेवते. अशा विमानाविरुद्ध खेळाडूंना प्रतिहल्ल्याची संधी फार कमी द्यावी. दुसरे असे की, लेसरचा किरण विमानातूनच पडला पाहिजे असे बंधन नाही; जमिनीवर दडलेला निरीक्षकही तो टाकू शकतो. हा दुसरा प्रकार मला सूत्रधारासाठी सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण मग खेळाडूंचा शत्रू आकाशातून उतरून समोरच्या टेकडीवर येतो आणि त्याला शोधून गाठण्याची शर्यत सुरू होते.

प्रश्न : एकाच क्षेपणास्त्राला एका ठिकाणी ख-२५, दुसऱ्या ठिकाणी केएच-२५ आणि तिसऱ्या ठिकाणी एएस-१० असे म्हटलेले आढळते. खेळात कोणते नाव वापरावे?

उत्तर : रशियन लिपीतील ज्या अक्षराने ही नावे सुरू होतात त्याचा उच्चार आपल्या ‘ख’च्या जवळचा आहे. इंग्रजीला तो दोन अक्षरे जोडून लिहावा लागतो आणि ती अक्षरे सुटी वाचल्यामुळे ‘केएच’ हे रूप रूढ झाले. देवनागरीत लिहिणाऱ्याने हा वळसा का घ्यावा, हे मला कधीच समजलेले नाही. ‘एएस’ आणि त्यापुढील क्रमांक ही पाश्चात्त्य बाजूने दिलेली ओळख असून हवेतून जमिनीवर मारा करणाऱ्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांना नाटोने इंग्रजी ‘के’ने सुरू होणारी नावे दिली : कॅरन, केज, किल्टर, किचन इत्यादी.

दोन्ही नावे वापरावीत, परंतु ती वेगवेगळ्या लोकांच्या तोंडी घालावीत. रशियन बाजूच्या नावातील शेवटची अक्षरे वाट दाखवण्याची पद्धत सांगतात : एल म्हणजे लेसर, टी म्हणजे टेलिव्हिजन, आर म्हणजे रेडिओ आणि पी म्हणजे शत्रूच्या रडारलहरींचा माग काढणारा शोधक. पाश्चात्त्य नावांतून एवढे कळत नाही. ख-२५एमएल आणि ख-२५एमपी ही एकाच घरातील भावंडे असूनही नाटोच्या यादीत पहिले एएस-१० कॅरन आहे, तर दुसरे एएस-१२ केगलर. नाटोच्या गटातील खेळाडूंना फक्त ‘कॅरन येत आहे’ असे सांगावे, आणि ज्या पात्राने रशियन कागदपत्रे वाचण्याचे कौशल्य घेतले आहे त्यालाच शेवटच्या अक्षराचा अर्थ कळू द्यावा. भाषाकौशल्यावर खर्च केलेले गुण वाया जातात अशी खेळाडूंची नेहमीची तक्रार असते. तीही यामुळे थोडी दूर होईल.

प्रश्न : आमच्या गटाकडे विमानवेधी क्षेपणास्त्रांचे एक रडार आहे आणि गट ते रात्रंदिवस चालू ठेवतो. त्यावर रडारविरोधी क्षेपणास्त्र सोडणे अन्यायाचे ठरेल काय?

उत्तर : मुळीच नाही. रात्रंदिवस चालू असलेले रडार म्हणजे अंधारात पेटवून ठेवलेला कंदील होय. सुखोई-२४एम आणि खास याच कामासाठी घडवलेले मिग-२५बीएम हे ख-५८ वाहून नेत, आणि त्याच्या सुधारित आवृत्तीचा पल्ला उंचावरून सोडल्यास शंभर किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे खेळाडूंना विमान दिसणारही नाही. तरीही त्यांना बचावाची संधी देणारी एक गोष्ट या आयुधांच्या रचनेतच आहे. ख-२५एमपी आणि दशकाच्या अखेरीस आलेले ख-३१पी यांच्या शोधकांचे एकाहून अधिक प्रकार होते. प्रत्येक प्रकार ठरावीक लहरीपट्ट्यातील रडारच ओळखत असे आणि योग्य प्रकार उड्डाणापूर्वी जमिनीवरच बसवावा लागत असे. म्हणजे समोर कोणते रडार आहे हे शत्रूला आदल्या दिवशी माहीत असले पाहिजे.

यावरून अख्खा अध्याय उभा राहतो. प्रथम टेहळणी करणारे विमान दूरवरून घिरट्या घालून जाते. ते कशासाठी आले होते हे ओळखायचे की नाही, हा खेळाडूंचा प्रश्न. त्यांनी त्या रात्री रडार हलवले, बंद ठेवले किंवा वेगळ्या लहरीपट्ट्यावरील दुसरे रडार आणले, तर दुसऱ्या दिवशीचा हल्ला फसू द्यावा. क्षेपणास्त्र हवेत असताना त्यांनी रडार बंद केले तर मात्र ते पूर्ण वाचले असे समजू नये, कारण ख-५८ शेवटच्या ज्ञात दिशेने पुढे जात राहते. आपण फक्त अचूकतेत भरघोस घट करावी. आणि रडार बंद असतानाच्या काळात आकाशात दुसरे काय शिरले, हे मी आपल्यावर सोडतो.

प्रश्न : ख-२५चे स्फोटक शीर्ष सुमारे ९० किलोचे आणि ख-२९चे सुमारे ३२० किलोचे आहे, म्हणून मी ख-२९ची हानी आणि स्फोटाची त्रिज्या दोन्ही साडेतीन पट ठेवली. हे योग्य आहे ना?

उत्तर : त्रिज्येच्या बाबतीत योग्य नाही. स्फोटाचा दाब सर्व दिशांना पसरतो, त्यामुळे ठरावीक दाब जेथवर पोहोचतो ते अंतर स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. ३२० भागिले ९० म्हणजे साधारण साडेतीन आणि त्याचे घनमूळ सुमारे दीड. म्हणून त्रिज्या दीडपटच धरावी. शिवाय ख-२९चे शीर्ष मुळात मोकळ्या मैदानासाठी केलेले नाही. त्याचे जाड पोलादी कवच आणि आघातानंतर थोड्या उशिराने स्फोट घडवणारा फ्यूज हे काँक्रीटचे विमाननिवारे, पूल आणि धावपट्ट्या भेदण्यासाठी आहेत, आणि कवचाचे वजन वजा केल्यावर प्रत्यक्ष स्फोटक बरेच कमी उरते. आपल्या तक्त्यात ‘भेदनक्षमता’ असा वेगळा आकडा ठेवून तेथे ख-२९ला मोकळ्या हाताने गुण द्यावेत.

एक खरी घटना येथे उपयोगी पडेल. १९८६च्या एप्रिलमध्ये अफगाणिस्तानातील झावर येथील मुजाहिदीनांच्या गुहांवर विमानांतून मार्गदर्शित क्षेपणास्त्रांचा मारा झाला, तेव्हा काही गुहांची तोंडे ढासळून आतील माणसे कोंडली गेली; नंतरच्या बॉम्बफेकीने तोच मलबा हलला आणि ती बाहेर पडू शकली. थेट आघाताने मेलेली पात्रे आणि बंद गुहेत हवा मोजत बसलेली पात्रे यांतील कोणती परिस्थिती खेळायला अधिक रंजक आहे, हे सांगण्याची गरज नसावी. निवाऱ्यावर आघात झाला की हानीच्या फाशाबरोबर ‘वाट बंद झाली का’ असा दुसरा फासा जरूर टाकावा.

प्रश्न : खेळाडूंना एका सोडून दिलेल्या विमानतळावर ख-२५एमएल सापडले. ते मालमोटारीवर चढवून डागण्याचा त्यांचा आग्रह आहे.

उत्तर : आग्रह मोडून काढावा. त्या क्षेपणास्त्राला विमानाच्या प्रक्षेपण-रुळाची, विमानातून मिळणाऱ्या विजेची आणि संकेतांची, तसेच सुटतानाच्या मूळ वेगाची सवय आहे. स्थिर मालमोटारीवरून त्याच्या छोट्या पंखांना सुरुवातीला आधार देण्याइतका वाऱ्याचा प्रवाहच मिळणार नाही. सुमारे ३०० किलोची ही वस्तू हलवण्यासाठी यारी लागेल, आणि त्यांच्याकडे लेसर टाकणारे यंत्र आहे का, हेही विचारावे. परंतु सापडलेली वस्तू निरुपयोगी ठरवून खेळाडूंचा विरस करू नये. जवळच्या तळावर उडण्याच्या स्थितीतील एखादे सुखोई असलेला पण क्षेपणास्त्रे संपलेला एखादा सेनानी असेल, तर त्याच्याशी होणाऱ्या सौद्यात इंधन, औषधे किंवा नकाशे मिळू शकतात. तो सौदा दोन संध्याकाळी सहज पुरतो.

प्रश्न : ख-२२ आणि ख-५५ ही मोठी क्षेपणास्त्रे आमच्या १९८६मध्ये घडणाऱ्या मोहिमेत कशी आणावीत?

उत्तर : ख-५५ विसरून जावे. ते १९८३मध्ये सेवेत आले हे खरे, पण सोव्हिएत काळात ते अण्वस्त्रच होते आणि त्याचा पल्ला २,५०० किलोमीटरांचा. साध्या स्फोटकांची आवृत्ती सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यानंतरची आहे. १९८६मधील मोहिमेत ते एखाद्या गोदामावर पडले आणि फक्त गोदामच जळाले, तर जाणकार खेळाडू आपल्याला हसतील.

ख-२२ची गोष्ट वेगळी आहे. जवळजवळ सहा टन वजनाचे आणि सुमारे एक टनाचे शीर्ष असलेले हे क्षेपणास्त्र तुपोलेव्ह-२२एम बॉम्बफेकी विमानातून मुख्यतः मोठ्या युद्धनौकांवर सोडण्यासाठी होते. सात-आठ माणसांच्या गटावर ते कोणी वाया घालवणार नाही, म्हणून त्याला हानीचा आकडा देण्याचे कष्टही घेऊ नयेत. त्याची खरी जागा जमिनीवर आहे. त्याचे द्रव इंधन आणि नायट्रिक आम्लावर आधारलेला ऑक्सिडीकारक ही दोन्ही रसायने विषारी आणि जाळणारी असून ती भरणाऱ्या तुकडीला अंगभर संरक्षक पोशाख आणि मुखवटे घालावे लागत. खेळाडूंना रात्री एखाद्या तळाच्या कुंपणापाशी आणावे, वाऱ्यावर तिखट वास येऊ द्यावा आणि दूरच्या दिव्यांखाली मुखवटे घातलेली माणसे एका लांबलचक पांढऱ्या आकृतीभोवती सावकाश वावरताना दिसू द्यावीत. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, याचा फासा मात्र त्यांनी विचारल्यावरच टाकावा.