एनसी झाली म्हणून भाऊ गुन्हेगार ठरत नाही

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: पार्किंगवरून बाचाबाची झाली, भावाने शेजाऱ्याच्या दोन कानफटात लगावल्या, शेजाऱ्याने ठाण्यात एनसी (म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) दिली आणि आता तो म्हणतोय, तीस हजार द्या, केस मागे घेतो. भावाचं नोकरीचं आणि पासपोर्टचं काम अडकेल म्हणून आई घाबरली आहे.

पैसे देऊ नका. आधी त्या एनसीची प्रत मिळवा आणि कलमं वाचा. अशा भांडणात बहुतेक वेळा भारतीय न्याय संहितेची ११५(२) आणि ३५२ असतात, म्हणजे साधी दुखापत आणि शिवीगाळ. (१ जुलै २०२४ पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत हीच ३२३ आणि ५०४. जुने हवालदार अजून तेच आकडे बोलतात.) दोन्ही अदखलपात्र, दोन्ही जामीनपात्र. कागदाच्या तळाशी बघा, फिर्यादीला कोर्टात दाद मागण्याची समज दिल्याचं लिहिलेलं असतं. हीच ओळ महत्त्वाची. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना यात तपास करता येत नाही, वॉरंटशिवाय अटकही नाही. शेजारी स्वतः कोर्टात गेला नाही आणि मॅजिस्ट्रेटचा तसा आदेशही नसला, तर भावावर कोर्टात खटलाच नाही. मग तो मागे काय घेणार? त्या नोंदीचे तीस हजार मागतोय, एवढंच.

पण 'एनसी म्हणजे रद्दी, फाडून टाका' असं सांगणारेही तितकेच चुकतात. शेजाऱ्याच्या मेडिकलमध्ये हाड मोडल्याचं किंवा दात पडल्याचं आलं, तर ती कायद्याने गंभीर दुखापत होते. कलम ११७(२) लागतं, ते दखलपात्र आहे आणि रीतसर एफआयआर होतो. मारताना हातात धोकादायक हत्यार असेल तर ११८(१), तेही दखलपात्र. म्हणून शेजारी सरकारी दवाखान्यात गेला होता का, याची चौकशी करा.

समजा एफआयआर झालाच. तरी लगेच बेड्या पडत नाहीत. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात बजावलं आहे. सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहण्याची नोटीस येते. ती आली की हजर राहायचं. नोटीस घेऊनही फोन बंद करून गावी जाऊन बसणारे लोक अटकेचं कारण स्वतःच्या हाताने पुरवतात.

एफआयआर झाल्यावर मात्र 'केस मागे घेतो' हे वाक्य आणखी पोकळ होतं, कारण खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. फिर्यादी साक्षीदार असतो, मालक नाही. स्टॅम्प पेपरवर समझोता लिहून ठाण्यात दिला म्हणून गुन्हा मिटत नाही. तडजोडीस पात्र कलम असेल तर समझोता कोर्टासमोर नोंदवावा लागतो, आणि त्याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा असतो. तसं कलम नसेल तर उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज. तिथेही फिर्यादीच्या संमतीवरच सगळं ठरत नाही, गुन्ह्याचं स्वरूप बघतात.

पासपोर्टला अडचण येते ती फौजदारी कोर्टात प्रकरण प्रलंबित असेल तर. नुसत्या एनसीने ती येत नाही. प्रलंबित असलं तरी कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळतो, बहुधा कमी मुदतीचा.

नोकरीच्या फॉर्मचं जास्त जपा. प्रश्न शब्दशः वाचा: अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली आहे का? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्यायचं. किरकोळ प्रकरण लपवल्यामुळे सरकारी नोकरी जाऊ शकते. २०१६ च्या अवतार सिंग निकालात माहिती लपवण्याचाच मुद्दा होता. मुळात तो गुन्हा किती हलका होता, हा प्रश्न नंतरचा.

राहता राहिली क्रॉस एनसी, म्हणजे भावाने शेजाऱ्याविरुद्ध उलट दिलेली एनसी. त्यानेही खरंच मारलं असेल तर जरूर द्या. नुसती जिरवायची म्हणून खोटी देऊ नका. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॅमेरा असेलच, त्या दिवसाचं फुटेज पुसलं जायच्या आत सेक्रेटरीकडे लेखी मागणी करा आणि पोच घ्या. शेजारी पैशासाठी व्हॉट्सॲपवर काही लिहील, तर तेही जपून ठेवा, उत्तर देऊ नका.