रात्री फॅमिली डॉक्टर तिप्पट फी घेतात, हे योग्य आहे का आणि यावर कुणाचं लक्ष असतं का?

रात्रीची फी जास्त घेतली यात मला तरी काही वावगं वाटत नाही. माणूस झोपेतून उठतो, शटर वर करतो, लेकराला तपासतो, त्याचे पैसे दिलेच पाहिजेत, आणि आमच्या बीड जिल्ह्यातल्या केजकडं तर रात्री अकरानंतर फोन उचलणारा डॉक्टर सापडला तरी खूप झालं, नाहीतर गाडी काढा आणि अंबाजोगाई गाठा.

पण लक्ष कुणाचं असतं म्हणाल तर जवळपास कुणाचंच नाही. महाराष्ट्रात नर्सिंग होमचा कायदा १९४९ चा, त्याचे नियम २०२१ मध्ये बदलले, दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावायची सक्ती आली, पण ते खाटा असलेल्या हॉस्पिटलला. गल्लीतला एका खोलीचा दवाखाना त्यात येतच नाही. आणि दर लावा म्हणलंय, किती घ्या ते सांगितलेलं नाहीच.

इंग्लंडमधे हेच काम सरकारी पैशातून चालतं. २००४ ला तिथल्या फॅमिली डॉक्टरांना रात्रीची जबाबदारी सोडायची मुभा मिळाली, मग रात्रीच्या सेवेची कंत्राटं निघाली. २००८ मधे जर्मनीहून ड्युटीला आलेल्या एका डॉक्टरनं पेशंटला दहापट डोसचं इंजेक्शन दिलं, पेशंट दगावला, आणि केवढा गदारोळ झाला. २०१४ ला सरकारी ऑडिटवाल्यांनी हिशोबच मांडला, २०१३-१४ या वर्षाचा खर्च अंदाजे ४० कोटी पौंड, ५८ लाख केसेस, एका केसमागं साधारण ६८ पौंड, आणि देखरेख कमी पडते हेही स्पष्ट लिहिलं. म्हणजे तिथंही चुका होतात, पण हिशोब तरी निघतो. आपल्या तालुक्यात रात्री कुणी किती मोजले हे कुठंच लिहिलेलं नसतं, कारण पावतीच नसते.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या पोराला ताप आला, सलाईन लावलं, आठशे रुपये घेतले आणि हातात काय दिलं तर औषध कंपनीच्या पॅडचा फाडलेला कागद, त्यावर दोन गोळ्यांची नावं, ना डॉक्टरचं नाव ना तारीख. सकाळी मोठ्या दवाखान्यात विचारलं की रात्री कोणतं इंजेक्शन दिलं, तर आईला सांगताच येईना. मला राग याचा आहे, आठशेचा नाही.

त्यामुळं घासाघीस करू नका, चिठ्ठी आणि पावती मागा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरला मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमानुसार दोन्हीवर रजिस्ट्रेशन नंबर टाकावाच लागतो, आणि पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो हे सुप्रीम कोर्टानं १९९५ लाच सांगितलंय, पण कागद नसेल तर ग्राहक आयोगापुढं मांडणार काय?

बाकी छातीत दुखणं, साप चावणं, दम लागणं असं असलं तर फॅमिली डॉक्टरच्या दारात वेळ घालवूच नका, सरळ १०८ लावा, फुकट आहे. ग्रामीण रुग्णालयात पण १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचाराचे पैसे लागत नाहीत, जवळ असेल तर आधी तिथं जा.

तुमच्याकडच्या रात्रीच्या चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा, नसेल तर उद्या ओपीडीच्या वेळेत जाऊन शांतपणे मागून घ्या, बरेच डॉक्टर देतात.