भंगारातला ड्राइव्ह आणि जीपचं इंजिन

प्रश्न : मुंबईच्या दारूखान्यातून जुना मर्क्रुझर अल्फा वन स्टर्नड्राइव्ह (आतल्या इंजिनाचा जोर बोटीमागच्या पंख्याला देणारा गिअरचा पाय) ४० हजारांत उचलला. घरी १८ फुटी फायबरची जुनी बोट पडून आहे. तिच्यात जीपचं डिझेल इंजिन बसवून हा ड्राइव्ह जोडायचा आहे. दोन लाखांत जमेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : पैसे मोजायच्या आधी पत्र टाकलं असतंत तर बरं झालं असतं. असो.

डिझेलचा नाद आधी सोडा. अल्फा वनचा क्लच दात्यांचा असतो आणि इंजिनाचा जोर असेपर्यंत हे दाते सुटत नाहीत. म्हणून लिव्हर ओढला की एक छोटा स्विच पेट्रोल इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडतो. इंजिन अडखळतं, तेवढ्यात गिअर निघतो. डिझेलला ठिणगीच नाही, तोडणार काय? धक्क्याला लागताना तुम्ही न्यूट्रलसाठी लिव्हर ओढत बसाल आणि बोट सरळ जेटीवर जाईल. डिझेलच हवं असेल तर मर्क्रुझरचा ब्राव्हो किंवा व्होल्वो पेंटाचा जुना २८० शोधा. त्यांचा क्लच शंकूच्या आकाराचा असतो, तो जोर असतानाही सुटतो.

दुसरं म्हणजे, भंगारवाल्याने तुम्हाला नुसता पाय दिलाय की मागच्या फळीवर बसणारा सगळा सांगाडाही? म्हणजे आतली प्लेट, पाय वळू देणारी बाहेरची चौकट म्हणजे गिंबल, पाय वर-खाली कलवणारे ट्रिमचे दोन सिलिंडर, सुकाणूचा जोड. हे नसेल तर नुसत्या पायाचा उपयोग नाही, आणि हे वेगळं घ्यायला गेलात तर पायापेक्षा महाग पडतं. याला फळी साधारण ५१ ते ५७ मिलिमीटर जाडीची लागते. तुमच्या फळीत प्लायवूड असेल तर लाकडी हातोडीने ठोकून बघा. आवाज बद्द आला तर आतून बारीक भोक पाडा. ओला, तपकिरी भुसा निघाला तर आधी फळी बदला, मग ड्राइव्हचं बघू.

ड्राइव्ह तपासायला मात्र खर्च नाही. खालचा स्क्रू काढून तेल ताटलीत घ्या. दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. तेलात चुंबक फिरवा : बारीक पूड चालेल, कपच्या नकोत. मग सगळं तेल काढून सायकलच्या पंपाने १० ते १२ पौंड हवा भरा आणि ड्राइव्ह पाण्याच्या पिंपात बुडवा. बुडबुडा येईल तिथलं सील गेलं. पंखा हाताने फिरवताना दांडा डोलतोय का तेही बघा.

फळीच्या भोकांतून पाणी आत येऊ न देणारे रबराचे भाते, ज्यांना मेकॅनिक बेलो म्हणतात, ते कितीही नवे दिसले तरी बदलायचेच. हे माझ्या अंगावर आलेलं आहे. रेवदंड्याच्या खाडीत एका गिऱ्हाइकाची बोट मी नांगरून घरी गेलो. गिअरच्या केबलचा भाता जुनाच ठेवला होता, आठशे रुपये वाचवायला. भेग नखाएवढी. सकाळी फक्त बोटीचं पुढचं टोक पाण्यावर होतं आणि इंजिनाने रात्रभर खारं पाणी प्यायलं होतं. गिऱ्हाईक एक शब्द बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं.

पेट्रोल इंजिन टाकलंत तर गाडीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर वापरू नका. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते. बोटीसाठीचे बंद बनावटीचे भाग घ्या, वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर बसवा. हे सगळं धरलं तर दोन लाखांत बसणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर ड्राइव्ह विकून त्या फळीवर सेकंडहँड आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगायचं इंजिन, लावलं असतं. पण तुमचा जीव त्या ड्राइव्हवर बसलाय, हे पत्रातून कळतंय. म्हणून आधी तेल काढा आणि रंग कळवा.