बेदाणा एकच, संशोधनाच्या वाटा दोन

प्रश्न : आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो. मुलगी एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आणि मुलगा बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोघांनाही पीएच.डी. करून संशोधनात जायचंय. मुलाचं समजू शकतो, पण कॉमर्समध्ये कसलं संशोधन? शिवाय घरचे म्हणतात, मुलीचं वय निघून जाईल. दोघांचा खर्च किती वर्षं करावा लागेल? – एक पालक, तासगाव तालुका

उत्तर : नमस्कार. कॉमर्समध्ये कसलं संशोधन, हे तुम्हाला तुमच्या बेदाण्यावरूनच सांगतो.

वाळवायला शेडवर टाकण्याआधी तुम्ही द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवता. त्यानं मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. कोणत्या प्रमाणात बुडवलं तर रंग हिरवा राहतो, पिवळ्या रंगासाठी गंधकाची धुरी दिली तर मालात त्याचा अंश किती उरतो, हे तुमच्या मुलाच्या विषयातले प्रश्न.

आता तोच माल सौद्याला, म्हणजे लिलावाला जातो. एकाच दिवशी, एकाच प्रतीच्या दोन लॉटना वेगळा दर का मिळतो? माल लगेच विकावा, की कोल्ड स्टोरेजला ठेवून त्यावर कर्ज उचलावं? भाडं आणि व्याज वजा जाता हातात काय पडतं? सौद्यात माल बघताना होणाऱ्या उधळणीत, म्हणजे सांडलवंडीत, शेतकऱ्याचं वर्षाला किती जातं? हे सगळे वाणिज्य शाखेचे प्रश्न आहेत, आणि त्यांची नीट उत्तरं मिळाली तर त्याचा पहिला उपयोग तुम्हालाच होईल. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी १९३० च्या दशकात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून पुण्याच्या फळबाजाराची पाहणी केली होती. पुढे हेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. बाजाराचा अभ्यास आणि शेतकऱ्याचं हित यांचं नातं आपल्याकडे इतकं जुनं आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कॉमर्सच्या पुष्कळ प्रबंधांत ओळखीच्या शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेतात, टक्केवारी काढतात, चार आलेख जोडतात आणि काम संपवतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यात मुलांची चार-पाच वर्षं जातात आणि हाती पदवीशिवाय काही लागत नाही. तुमच्या मुलीला हे टाळायचं असेल तर तिनं आतापासून संख्याशास्त्र पक्कं करावं. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचता येतात. तिथले आपल्या विषयाचे दहा प्रबंध वाचून त्यातला कोणता पटला आणि का, हे तिनं लिहून काढावं. मार्गदर्शक निवडतानाही हेच करावं : त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेला एखादा प्रबंध वाचावा, आणि सध्या तिथं काम करणाऱ्या मुलामुलींशी बोलावं. पैसे भरले की लगेच लेख छापून देणारी नियतकालिकं फार झाली आहेत. त्यांच्या वाटेला दोघांनीही जाऊ नये.

मुलाची रोजची कामं वेगळी असतील. प्रयोगशाळेत उभं राहायचं, तोच प्रयोग सहा वेळा फसला तरी सातव्यांदा करायचा. हे त्याला झेपतं का, ते पीएच.डी.च्या आधीच कळलेलं बरं. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात, त्यासाठी अर्ज करायला सांगा. पुढे एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यावी. पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तुमच्यापासून फार लांब नाहीत. एकदा दोन्ही बघून येऊ द्या.

आता खर्च. नियमाप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. त्याआधी पात्रता परीक्षा : मुलीसाठी यूजीसी-नेट, मुलासाठी सीएसआयआर-नेट. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं. हे २०२३ पासूनचे दर आहेत. म्हणजे त्या काळात घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. जेआरएफ सगळ्यांना मिळत नाही, म्हणून तुमच्या प्रवर्गाप्रमाणे सारथी, बार्टी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपचीही माहिती काढून ठेवा. माझं मत विचाराल तर कुठलीच फेलोशिप हातात नसताना पूर्णवेळ पीएच.डी.त उडी घेऊ नये. एक-दोन वर्षं नोकरी करत परत नेट द्यावी. त्यानं काही बिघडत नाही.

मुलीच्या वयाबद्दल घरच्यांना हे नियम वाचून दाखवा. जेआरएफसाठी वयाची अट साधारण तीस वर्षांची आहे, आणि मुलींना त्यात पाच वर्षांची सूट आहे. पीएच.डी. पूर्ण करायलाही त्यांना दोन वर्षं जादा मिळू शकतात, बाळंतपण आणि मूल सांभाळण्यासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्न, मूल आणि संशोधन एकाच वेळी चालू शकतं हे सरकारी नियमांनीच मान्य केलंय. तिला घरात कुणी घाई केली नाही, तर बाकीचं ती निभावेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात तिला नेटला बसता येईल, म्हणजे तयारीला आताच लागायला हवं. तोवर एक काम करा. गेल्या चार-पाच हंगामांच्या सौद्याच्या पट्ट्या, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या आणि कर्जाच्या नोंदी घरात असतीलच. त्या सगळ्या तिच्याकडे द्या, आणि या वर्षी सौद्याला जाताना तिला बरोबर घेऊन जा.